निशाणावरचा भागुजी

भागुजी चांगला माणूस होता, असं आता आमच्या गावात कुणीही सांगतं. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्याला तुडवलं होतं. त्यांत मीही होतो.

पेठच्या पलीकडं आमचं गाव. जत्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या पट्टीवर, बैलगाडे पळायचे. वरच्या टोकाला, निशाणापाशी, सेकंदाचं घड्याळ भागुजीच्या हातात. बैल निशाणावरून गेले की बटण दाबायचं. तो बौद्धवस्तीतला, कुठल्याच भावकीत त्याचा सोयरा नाही, म्हणून सगळ्या भावक्यांना चालायचा. एरवी त्याच्या घरचं पाणी न पिणारेही त्याचे सेकंद मानायचे. रोज सकाळी विहारात पंचशील म्हणायचा, आणि म्हणून झाल्यावर ते विसरायचा नाही. बाकी काही खोड नव्हती त्याला.

२००३च्या चैत्रात आमचा गाडा सुटला. बैलांच्या शेपट्या चावून आम्ही रक्त काढलं होतं. पुढं बैलांना ओढ लावायला पळवलेली घोडी, मागं चार बैल आणि धुरळ्याचा लोट. अकरा सेकंद! पहिला नंबर पुकारला, गुलाल उडाला, पोरांनी मला खांद्यावर घेतलं. खाली उतरतो तर समोर भागुजी, तोंड पांढरंफटक.

“सावळेराम, चूक झाली माज्याकडनं. धुरळ्यात घोडी निशाणावरनं गेली आन् मी तिच्यावरच बटण दाबलं. बैल मागं व्हते.”

“कुनाला कळलंय? गप ऱ्हा. लई मारतील तुला.”

“मला कळलंय ना, राव.”

आणि सरळ जाऊन त्यानं माईक हातात घेतला.

आमचा नंबर गेला. पहिला दांडका माझा. चाबकाचाच दांडा होता, बैलांच्या रक्तानं चिकट झालेला. तो त्याच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मग सगळेच तुटून पडले. जातीवरून शिव्या, लाथा, दगड. त्याचे दात गुलालात पडले. त्याची बायको द्रौपदा त्याच्या अंगावर आडवी पडली, तर तिच्याही पाठीत काठ्या बसल्या. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. माफी मागायला नव्हे. त्याची जबानी व्हायची होती. माझं नाव गाळ, एवढंच सांगायचं होतं. मला बघून द्रौपदा उठून बाहेर गेली. भागुजीचे दोन्ही हात प्लास्टरात. त्यानं पाणी मागितलं, मी ग्लास त्याच्या ओठांना लावला. पहिला घोट घेतोय, तोवर हवालदार आला.

“आधी कुणी मारलं?”

भागुजी माझ्याकडं बघत राहिला. त्या डोळ्यांत राग असता, तर मी तिथून पळालो असतो.

“ह्यानं,” तो म्हणाला. “पर त्याच्या आदी, गप ऱ्हा म्हनून मला सांगितलं व्हतं. त्ये बी लिवा.”

हवालदार लिहू लागला. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. भागुजीची तहान अजून भागली नव्हती, म्हणून मी ग्लास तसाच धरून उभा राहिलो.