साडूंचे तांबडे-हिरवे चौकोन

रंगावर आंधळा विश्वास आणि आकड्याचा मनापासून तिटकारा, असा माझ्या साडूंसारखा माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत शोधला तरी दुसरा मिळायचा नाही. आकडा दिसला की त्यांना तो आधी रंगवावासा वाटे. वाचायचा तो नंतर, आणि शक्यतो दुसऱ्या कुणीतरी. मी नांदेडला, ते लातूरला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढ्या एका धाग्यावर मी त्यांचं सगळं सोसत आलो. निलंग्याच्या एका कॉलेजच्या कार्यालयात ते कामाला होते. रोज एसटीनं जायचं, कॉम्प्युटरपुढं बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं बिनबोभाट आयुष्य चाललं होतं. पण चाळिशी उलटल्यावर त्यांनी एका क्लासात जाऊन वेबपेज बनवायला शिकून घेतलं आणि तिथं कुणीतरी त्यांना दहा ओळींची एक स्क्रिप्ट दाखवली. पान उघडलं की ती स्क्रिप्ट तक्त्यातल्या एकेका चौकोनात डोकावते, आतला आकडा बघते, आणि आकडा कमी असला तर चौकोन तांबडा, बरा असला तर पिवळा, चांगला असला तर हिरवा करून पुढं सरकते. त्या दिवसापासून साडू जगातून उठले. "आपण कायबी करायचं न्हाई, साडूबुवा," ते मला म्हणाले, "नुस्ता आकडा टाकायचा. त्याची लायकी पान ठरवतंय."

त्यानंतर त्यांच्या घरात तक्त्याबाहेर काही उरलं नाही. गॅसची टाकी किती दिवस चालली, बायकोचा बीपी किती, पोराला गणितात किती पडले, सगळ्याला चौकोन. लातुरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून पाणी येऊन किती दिवस झाले याचाही एक तक्ता होता. पाच दिवसांना पिवळा, आठ दिवसांना तांबडा. एका सकाळी तो चौकोन तांबडा झाला, पण ती छटा कुंकवासारखी दिसते आणि आपल्याला विटेसारखी हवी, असं साडूंच्या मनानं घेतलं. बाहेर नळाला पाणी आलं. गल्लीनं हंडे, पिंपं, बादल्या भरून घेतल्या. मेहुणी आंघोळीला गेली होती, तिनं आतून तीनदा हाका मारून मोटार लावायला सांगितलं. साडू हाव हाव म्हणत राहिले. वीट साधली तोवर नळ गेला होता. दुपारी मेहुणीचा मला फोन आला. ती रागावली नव्हती, रागाच्या पलीकडं गेली होती. म्हणाली, "दाजी, घरात थेंब न्हाई, पण तांबडा रंग लई झकास जमलाय."

नातेवाईकही यातून सुटले नाहीत. कोण किती कार्यांना हजर राहिलं याचा तक्ता करून त्यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. कंधारचं एक बारसं आणि उदगीरचं एक लग्न माझ्याकडून चुकलं होतं, त्यामुळं मी भडक तांबडा आणि शेजारच्या चौकोनात माझी बायको हिरवीगार. मी दोन महिने त्यांच्याशी अबोला धरला. तो त्यांच्या लक्षातच आला नाही.

कॉलेजात मात्र त्यांचा फार मान होता. हजेरीचा तक्ता त्यांनी व्हरांड्यातल्या मोठ्या टीव्हीवर लावला होता. पंच्याहत्तरच्या खाली हजेरी असली की चौकोन तांबडा, आणि तांबड्याला परीक्षेचा फॉर्म मिळत नसे. प्राचार्यांना ही व्यवस्था पसंत पडली, कारण आता त्यांना काही वाचावं लागत नव्हतं. लांबून बघायचं आणि तांबडे बाजूला काढा म्हणायचं. पुढं त्यांना कधी सत्तरची अट हवीशी वाटू लागली, कधी ऐंशीची. म्हणून साडूंनी पानावर एक रकाना केला. त्यात हवी ती अट टाका, पान त्याप्रमाणे रंगेल. याचं वर्णन मी फोनवर अर्धा तास ऐकलं.

सगळा घात त्या रकान्यानं केला. त्यात टाकलेली अट स्क्रिप्टच्या लेखी आकडा नव्हती, नुसती अक्षरं होती. चौकोनातली हजेरीही साडूंनी अक्षरं म्हणूनच उचलली होती. मग स्क्रिप्टनं शब्दकोशात लावतात तसं पहिल्या अक्षरावरून लहानमोठं ठरवलं. शंभर एकनं सुरू होतात आणि पंच्याहत्तर सातनं, म्हणून शंभर लहान. आठ मात्र मोठे. जे महाशय वर्षभरात आठ टक्केच उगवले होते ते हिरवे झाले, आणि आसपासच्या खेड्यातून रोज एसटीनं येणारी, एकही दिवस न चुकलेली एक मुलगी तांबडी झाली.

वर्गशिक्षकांनी तांबडं पाहिलं, प्राचार्यांनी तांबडं पाहिलं. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ती मुलगी साडूंच्या टेबलाशी आली. साडूंनी मान वर न करता टीव्हीकडं बोट केलं आणि रंग कधी खोटं बोलत नाही, असं सांगून टाकलं. ती भांडली नाही, पण जागची हललीही नाही.

"सर, रंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आत काय लिव्हलंय तेवढं वाचा."

साडूंनी वाचलं. शंभर.

"शंभर पंच्याहत्तरपेक्षा कमी असतंय का, सर?"

साडूंनी टीव्हीकडं पाठ केली आणि स्क्रिप्ट उघडली.

चूक दोन ओळींची होती, ती पाच मिनिटांत निघाली. मुलीला फॉर्म मिळाला. प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून बाहेर कुठं बोलू नका म्हणून सांगितलं, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण साडूंच्या ध्यानात आलं की रकाना गेल्या वर्षीपासूनचा आहे. त्यांनी गेल्या वर्षीची यादी छापून घेतली, तिच्यावर पट्टी ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकेक आकडा वाचून काढला. शंभरवाल्या दोघी निघाल्या. दोघी तांबड्या. दोघींनी काही विचारलं नव्हतं. वर्षभर एक दिवस न चुकणाऱ्या मुली सहसा उलट विचारत नाहीत. त्या टीव्हीकडं बघून घरी गेल्या होत्या.

पहिली जवळच्याच गावात सापडली. साडू कार्यालयाच्या बुटांवर तिच्या सोयाबीनच्या रानात गेले आणि बांधावर उभं राहून त्यांनी आपली चूक सांगितली. तिच्या आईनं विळा खाली ठेवून एवढंच विचारलं, "एवढ्या मोठ्या कॉलेजात आकडा वाचणारं कुणीच नव्हतं का, साहेब?" हे मला साडूंनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांनी आपल्या बाजूचा एक शब्दही त्यात घातला नाही.

त्या मुलीचं नाव पुन्हा दाखल झालं. साडूंनी तक्त्यातले सगळे रंग काढून टाकले. पांढरा तक्ता बघून प्राचार्यांची फार अडचण झाली. त्यांनी ते काम दुसऱ्याकडं दिलं आणि आता म्हणे तिथं तांबडे चौकोन उघडझापही करतात. साडूंना दाखले देण्याच्या खिडकीवर बसवलं आहे.

मागच्या महिन्यात ते अचानक सकाळीच नांदेडला माझ्याकडं आले. चहा घेतला, पण बूट काढले नाहीत. दुसरी मुलगी लग्न होऊन बिलोलीकडं गेली आहे, असा त्यांना पत्ता लागला होता. पिशवीत तिचं नाव लिहिलेला, बाकी कोरा फॉर्म होता. मी म्हटलं, तिच्या सासरचे काय म्हणतील? ती तरी आता परीक्षेला बसेल का?

"ठाऊक न्हाई," साडू म्हणाले. "तिला शंभर होते, एवढं तरी सांगून येतो."

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. इतक्या वर्षांत प्रथमच मला त्यांच्याशी काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण बिलोलीची गाडी लागलेलीच होती. गाडी हलली तेव्हा मी हात केला. खिडकीशी बसलेल्या साडूंचं लक्ष नव्हतं. मांडीवर फॉर्म ठेवून, त्यावर बोट फिरवत, ते तिचं नाव हळूहळू वाचत होते.