चहा फाटतो का, ते बघायला खारेपाटात

रोह्याहून निघताना आमच्या ह्यांनी पाण्याचा मोठा कॅन भरून घेतला. बहिणीच्या घरी जायचं आणि पाणी आपलं न्यायचं, हे काय बरं दिसतं का, म्हणून मी कुरकुरले. "मागच्या वेळचा चहा आठवतो ना?" एवढंच हे म्हणाले, आणि मीच कॅनचं झाकण घट्ट लावलं.

गोष्ट नव्वदीतली. माझी धाकटी बहीण सुमन पेणजवळच्या खारेपाटात, खाडीकाठच्या गावात दिलेली. तिकडे विहीर खणली तरी खारं पाणी लागतं. पिण्यासाठी गावाला पावसाच्या पाण्याचं एकच तळं, आणि तेच मागल्या वर्षी खारं होऊन बसलं. तिच्या चुलीवर दुधाचा चहा फाटायचा, डाळ तासन्‌तास शिजायची नाही. ह्या पावसानंतरही तळं तसंच राहिलं तर घर बंद करून पेणला भाड्याच्या खोलीत जायचं, असं त्यांचं ठरलं होतं. खोलीची किल्लीसुद्धा भावोजींनी आणून ठेवलेली. म्हणून दसरा होताच आम्ही निघालो.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची पहिली एसटी धरा. नागोठण्याला गाडी बराच वेळ थांबते, स्टँडवर वडापाव गरम मिळतो. पुढे वडखळ नाक्यावर ट्रकांची ही रांग. तिथे कंडक्टरला घाई करून उपयोग नाही, तो तुमच्यापेक्षा जास्त वैतागलेला असतो. पेणला उतरलं की बाजारात पोहे आणि पापड घ्यायचेच. मग गावची एसटी. ती दिवसातून मोजक्याच वेळा, आणि खिडकीजवळ जागा मिळाली तर दोन्ही बाजूंना भातखाचरं, मधून मातीचे बांध आणि लांब धरमतरच्या खाडीत सावकाश चाललेला बार्ज दिसतो.

हे बांध समजले तरच तळ्याची गोष्ट समजते. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाने ते घातलेले. बांध फुटला की हाळी जाते आणि घरटी एक माणूस धावतो. खाडीतला काळा चिखल कापून हातोहात पुढे द्यायचा आणि भगदाडात दाबायचा. तो चिखल एकदा बसला की थेंब गळत नाही. आमचे रामदास भावोजी ह्या कामात सगळ्यांच्या पुढे.

तर मागल्या वर्षी तळं गळायला लागलं तेव्हा भावोजी म्हणाले, "खाडीचा चिखल आणू, तळाला लिंपू." सगळे व्हय म्हणाले. हाळी गेली, घरटी माणूस आला, गाळ काढून तळ लिंपला. तळं गळायचं थांबलं, अगदी थेंबभरसुद्धा गळेना. आणि पाणी खारट झालं. चिखल खाडीचा, त्यात मीठ असणारच ना! जन्मभर खारं पाणी बाहेर अडवणाऱ्या गावाने मीठ आपल्या हाताने तळ्यात नेऊन बसवलं. कोणी भावोजींना बोललं नाही. पण त्यांनी पारावर बसणंच सोडलं.

यंदाच्या उन्हाळ्यात गावाने तो सगळा चिखल पुन्हा उपसला. डोंगराच्या पायथ्याकडची गोडी माती बैलगाड्यांनी आणली, ओली केली, आणि बायकांनी ओळीने हात धरून ती तुडवली. पावसाचं सुरुवातीचं पाणी साठवलंच नाही, मीठ धुऊन जावं म्हणून सोडून दिलं. हे सगळं आम्हाला शेजारच्या भिकीबायने वाटेतच सांगितलं. "गो, पाय भेगाळले आमचे, पण नाचलो बग," म्हणाली. मी विचारलं, पाणी कसं आहे? "आज वटी भरू, मंगच पिऊ."

संध्याकाळी बायकांनी तळ्याची ओटी भरली, नारळ फोडला. सुमनने हंडा भरला आणि थेट चुलीकडे गेली. मी तिच्या मागे. आधण आलं, पत्ती पडली. दूध तिने अगदी बारीक धारेने ओतलं. आम्ही दोघी पातेल्यात डोळे घालून उभ्या. उकळी वर आली, खाली बसली. पुन्हा आली.

दूध फाटलं नाही.

सुमन मटकन खालीच बसली आणि रडायला लागली, मग मलाही आवरेना. भावोजी ओटीवर पाठ करून बसले होते. त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी आधी नुसता बघितला, मग एक घोट घेतला, आणि आत बघून म्हणाले, "साखर कमी हाय."

"सव्वा वरसानंतर चाय प्यायला आणि साखरेची खोड काढतो!" भिकीबाय दारातून म्हणाली. मग जो हसण्याचा गलका झाला, तो ऐकून शेजारपाजारचे कप घेऊनच आले. रात्री खाडीतल्या जिताड्या माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. भावोजी जेवून पारावर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

सकाळी सुमनने आमच्या कॅनमधलं रोह्याचं पाणी तुळशीला घातलं आणि तळ्याचं भरून दिलं. भावोजींनी खुंटीवरची किल्ली काढून ह्यांच्या हातात ठेवली. "पेणला उतराल ना? ही खोलीवाल्याला देऊन टाका."

खोलीवाल्याने विचारलं, खोली पसंत नाही पडली का? हे म्हणाले, "खोली चांगली आहे हो. त्यांचं तळं गोडं झालं." त्याला काही कळलं नसावं, पण किल्ली त्याने घेतली.

रोह्याला घरी आल्यावर त्याच पाण्याचा चहा केला. पाणी नेलं आणि पाणीच घेऊन आलो, असं हे चिडवत होते, पण कप दोनदा भरून घेतला. पुढे त्या गावात नळ आला. सुमन अजून त्याच घरात राहते, चहाला मात्र तळ्याचंच पाणी लावते. आणि भावोजी अजून साखर कमी म्हणतात.