झाकण लावलं त्यानं, बोलणी खाल्ली मी

बायांनो, आज डोकं लई तापलंय, म्हनून लिहितेय.

नातीला लॅपटॉपवर गेम घ्यायचा हुता. डाऊनलोड सारखं थांबायचं. पोरगा माझ्यावरच उखडला, "आई, तुझ्या मोबाईलमुळं नेट पुरत न्हाई!" आन माझं वायफाय तोडलं. घरात मोबाईलची रेंज येत न्हाई. संगमनेरच्या बहिणीच्या डोळ्याची पट्टी आज निघायची हुती, मग ती मला व्हिडिओवर बघनार हुती. हे सांगितलं, तर म्हनतो, "आधी गेम उतरू दे."

तरी गेम थांबलाच. शेवटी नातच बोलली, "पप्पा, तुमी झाकण लावता, तवा लॅपटॉप झोपतो. मग डाऊनलोड बी थांबतं."

साखर कारखाना चालू झाला की आमच्याकडं काळी राख पडते. म्हनून हा शहाणा येता-जाता झाकण लावून वर टॉवेल टाकत हुता!

आता म्हनतो, "जोडलं बघ नेट." जोडल्या जोडल्या भाच्याचा मेसेज आला, "मावशी, आईनं लई येळा फोन लावला. तुमी रुसलात का, इचारत हुती. आता झोपली."

तुमच्या घरात बी काय बिघडलं की आधी म्हातारीच सापडते का?