कलिंगडावरचा त्रिकोण

मांबलम स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि पाठ घामाने चिंब. बाहेर इंदू उभी होती. इंदू म्हणजे माझ्या सुनेची मावसबहीण, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडच्या मराठी घरातली. "या मामी, प्रवास बरं झालं की?" तिच्या मराठीला तमिळचा गोड हेल आहे. घरी गरम इडल्या आणि तेलात कालवलेली मिळगाय पोडी (तिखट चटणीपूड) होती. सहा इडल्या खाल्ल्या, लाजले नाही.

इंदू गणित शिकवते. मीही सांगलीत चौतीस वर्षं तेच केलं. पण ती सहा वर्षं हंगामीच होती. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेसमोर तिचा नमुना पाठ होता. जमला तर नोकरी कायम, नाही तर घरी बसायचं. विषय होता गोलावरची भूमिती. त्यासाठी आम्ही टी. नगरातून पृथ्वीचा गोल विकत आणायला गेलो, आणि माझं शहाणपण बघा! येताना साडीसाठी मी तिला एका दुकानात ओढलं. गडबडीत गोल राहिला रिक्षात.

"परवाइल्ल (असू दे), मामी," ती म्हणाली, पण डोळे भरले होते. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

सकाळी ती दारात कोलम (रांगोळी) काढत होती. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती वळणारी रेघ. ती रेघ पुरी करून उठली, गोल गरगरीत कलिंगड आणलं आणि तांदूळ वाटायला घेतले. ओलं पीठ सालीला चिकटतं म्हणे.

"अगं, पोरं हसतील!"

"हसू देत की."

वर्गात मी मागच्या बाकावर बसले. तिने कलिंगडावर सवयीने दारातल्यासारख्या ठिपक्यांच्या सरळ रांगा मांडल्या. देठाकडे त्या एकमेकींत घुसल्या. रेघ फिरून आली ती सुरुवातीला मिळेचना. कोलम अर्धवट सोडणं त्यांच्यात अशुभ. तिचा हात थांबला. मुख्याध्यापिकेने पेन उघडलं.

मग इंदू हसली. "दारातली जमीन सपाट. इथे ती रीत चालत नाही. आजचा धडा हाच."

तिने सगळं पुसलं. कलिंगडाच्या बरोबर मधोमध एक रेघ फिरवली. देठापासून त्या रेघेपर्यंत आणखी दोन रेघा, पाव वळसा अंतर ठेवून. झाला त्रिकोण. एका मुलीने प्रत्येक कोनाला वहीच्या पानाचा कोपरा लावून पाहिला. नव्वद. नव्वद. पुन्हा नव्वद!

"बेरीज दोनशे सत्तर!" वर्ग ओरडला.

एक मुलगा उठला. "टीचर, पुस्तकात एकशे ऐंशी आहे." मी असते तर त्याला गप खाली बसवलं असतं. इंदूने पिठाची वाटी त्याच्या हातात दिली. "मग अगदी लहान काढून बघ."

त्याने नखाएवढा त्रिकोण काढला, कोन मोजले. जवळजवळ एकशे ऐंशी! "टीचर, मुंगीला हे सपाटच वाटत असणार," तो आपणहून म्हणाला. मुख्याध्यापिका पेन मिटून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या गाडीत बसले. अरक्कोणमच्या पुढे फोन वाजला. इंदू रडत होती. "मामी... कायम!" मी इतक्या जोरात ओरडले की समोरचे आजोबा दचकून उठले. मग मीही रडले, मनसोक्त.

चौतीस वर्षं मी 'एकशे ऐंशी' घोकून घेतलं, 'सपाट कागदावर' एवढं कधी म्हटलं नाही. किती पोरांचे हात वर व्हायच्या आधीच मी खाली करवले असतील, कोण जाणे. इंदूच्या वर्गात ते वर होतील, आणि आता तिला तिथून कुणी उठवणार नाही.