रविवारचा रुमाल

बांगलादेशाच्या लढाईच्या साली मी जबलपूरच्या मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या रांझीच्या गल्लीत माझ्या तावडीतून एकही माणूस सुटत नव्हता. दूधवाल्याच्या पापण्या खाली ओढून मी त्याला रक्त कमी असल्याचं सांगितलं. शेजारच्या काकूंचा गळा चाचपून थायरॉइडचं निदान केलं. त्या बिचाऱ्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत, आणि मग कळलं की त्यांचा गळा लहानपणापासून तसाच होता. आईने मला चांगलं फैलावर घेतलं, पण माझ्यावर काही परिणाम झाला नाही. सकाळी वर्गात शिकलेला रोग संध्याकाळी सायकलवरून येताना मला रस्त्यात दिसायचाच. आजार ओळखण्यासारखी दुसरी मजा नाही असं मला तेव्हा वाटायचं, आणि खरं सांगते, अजूनही वाटतं.

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात बारूद मळायच्या शेडमध्ये होते. काकूंचे यजमान त्याच शेडमध्ये, बाबांच्या शेजारी. लढाईच्या दिवसांत खिडक्यांना काळे कागद होते आणि कारखान्याला रविवार नव्हता. कित्येक आठवडे बाबा रोज बारा-बारा तास काम करत होते आणि तरी तब्येत ठणठणीत. रात्री जेवताना गाणी म्हणायचे. लढाई संपली, काही दिवसांनी कामाचा जोर ओसरला, आणि शनिवारी दुपारी एकचा भोंगा झाला की थेट सोमवारपर्यंत सुट्टी, हा जुना रिवाज परत आला. गल्लीत पुन्हा रविवारचं मटण शिजू लागलं. आमच्या घरी तर सणच होता.

तिसऱ्या सोमवारी पहाटे पाचाच्या सुमारास बाबा छातीवर मूठ दाबून उठून बसले. कपाळावर घाम, तोंड पांढरं. दहा-पंधरा मिनिटांत ओसरलं. हट्टाने कामावर गेले आणि संध्याकाळी हसत परत आले. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग दवाखान्यात बुधवारी कार्डिओग्राम काढला, तो अगदी नॉर्मल. गॅसच्या गोळ्या मिळाल्या.

आमच्या गल्लीत रविवारी रात्रीनंतर कुणालाही काहीही झालं तरी ते मटणाच्या खात्यावर जायचं. मीही शेवटी त्याच गल्लीतली. मी ऐटीत जाहीर केलं की हा अल्सर आहे, तिखट बंद. आईने लगेच दुधी आणला.

"तुझ्या डॉक्टरीपायी मी रविवारी दुधी खाऊन राहिलो," बाबा म्हणाले, "अन् दुखणं आहे तिथंच आहे."

खरंच होतं. दुधी खाऊनही सोमवारी पहाटे दुखलंच. त्यांचं ताट पाहून मला हसू यायचं, ते हसू त्याच दिवशी संपलं. काकूंचे यजमान त्याच सोमवारी पहाटे झोपेतून उठलेच नाहीत. गल्ली म्हणाली, लढाईत एवढे राबले आणि आरामाच्या दिवसांत गेले. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि मला एकच गोष्ट ऐकू येत होती: सोमवार, पहाट, तीच शेड.  पुढचा सोमवार सात दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मेडिसिनच्या सरांना गाठलं. पिकल्या केसांचे, कमी बोलणारे, नळी कानाला लावण्याआधी पेशंटजवळ अर्धा तास बसणारे. मी एका दमात सगळं सांगितलं आणि वर माझा अल्सरही सांगितला. त्यांनी तो शांतपणे बाजूला ठेवला.

"दर्द को छोड़ो," ते म्हणाले. "जब दर्द नहीं होता, तब आदमी क्या करता है? उसका पूरा हफ़्ता लिखकर लाओ।"

मी आठवडाभर बाबांच्या वेळा टिपल्या आणि रविवारी सकाळी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. केव्हा उठता, काय पिता, शेडमध्ये कुठे उभे राहता, हाताला काय लागतं, सगळं विचारलं. बाबांना आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला. मी सोडलं नाही. शेडमध्ये कुणाला काही त्रास होतो का, या प्रश्नावर ते म्हणाले की छे, नव्या माणसाचं डोकं तेवढं दुखतं. पहिला आठवडा डोकं फुटायची पाळी येते, मग अंगवळणी पडतं. पण एक दिवस सुट्टी घेतली की सोमवारी शेडमध्ये शिरताच पुन्हा तेच. मी विचारलं, मग जुनी माणसं काय करतात?  दाराकडे पाहून बाबांनी आवाज खाली आणला.

"कुठं बोलू नको. टोपीखाली घाम टिपायला रुमाल बांधतो ना आम्ही, तो धुवत नाही. घरी आणतो. रविवारी डोक्याला बांधून ठेवला की सोमवारी डोकं दुखत नाही. सगळेच करतात. पण फाटकावर समजलं तर नोकरी जाईल."

शेडमधलं काहीही बाहेर न्यायचं नाही, हा नियम आम्हा पोरांनाही पाठ होता. म्हणूनच ही गोष्ट कुठल्याही डॉक्टरला कुणी सांगितली नव्हती.

"मग आता कुठं आहे रुमाल?" मी विचारलं.

उत्तर नळावरून आलं. आईने सांगितलं की लढाईत कपड्यांकडे बघायला कुणाला वेळ होता, म्हणून आता दर शनिवारी ती बाबांचे सगळे कळकट कपडे सोडा घालून उकळते. रुमालसुद्धा. त्याला कसला घाण वास येतो म्हणाली.

 मी वही पोटाशी धरली आणि सायकल काढली. रांझीपासून सरांच्या बंगल्यापर्यंत मी कशी गेले, मला आठवत नाही. सरांनी वही वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग कपाटातून औषधांचं पुस्तक काढून माझ्यासमोर पान उघडलं. नायट्रोग्लिसरीन. बाबा ज्या बारुदीत हात घालत होते तिच्यात तेच, आणि छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळीतही तेच. ती गोळी मी परीक्षेसाठी घोकून घोकून पाठ केली होती. बाबा रोज संध्याकाळी तेच द्रव्य अंगावर घेऊन घरी येतात, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात. आठवडाभर शरीराला त्याची सवय लागते आणि दीड-दोन दिवस ते मिळालं नाही की हृदयाच्या वाहिन्या आवळतात. लढाईत सुट्टी नव्हती, म्हणून दुखणं नव्हतं. लढाईआधीच्या रविवारी न धुतलेला रुमाल होता.

सरांचेही डोळे चमकत होते. पण अंदाज वेगळा आणि पुरावा वेगळा, असं त्यांनी बजावलं. मला एक बाटली दिली. पहाटे चारपासून शेजारी बसायचं, कळ आली की गोळी जिभेखाली, घड्याळ हातात. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर मिळेल त्या गाडीने थेट वॉर्डात आणायचं.

"और उनको पहले से कुछ मत बताना," ते म्हणाले.

सोमवारी पहाटे पाच वाजायला थोडी मिनिटं असताना बाबांनी छाती धरली. मी गोळी ठेवली. आई देवाचं नाव घेत पाय चोळत होती. एक मिनिट गेलं.  दुसऱ्या मिनिटाला बाबांची मूठ सैल झाली, त्यांनी मोठा श्वास घेतला, आणि मग तोच हात कपाळावर ठेवला.

"आता डोकं काहून ठणकून राहिलं?" ते चकित होऊन म्हणाले. "अरे, हे तर आपल्या शेडचं दुखणं आहे!"

मी चक्क उडी मारली. बाप घामाने भिजून पडला होता आणि मी नाचत होते. निदान बाबांच्याच तोंडून बाहेर पडलं होतं.

सरांनी त्यांना वॉर्डात ठेवून घेतलं आणि गोळ्या हळूहळू कमी करत सवय सोडवली. बाबांनी नोकरीची पर्वा न करता कारखान्याच्या डॉक्टरांना रुमालाची गोष्ट स्वतःहून सांगितली, कारण शेडमध्ये अजून तीच जुनी माणसं होती. नोकरी गेली नाही. एकेकाची तपासणी झाली आणि बाबांना गोदामात काम मिळालं. मी महिनाभर जमिनीवर नव्हते. कॉलेजात भेटेल त्याला ही हकीकत रंगवून सांगत होते.

एका शनिवारी आईने मला नळावर बोलावलं. तिचे हात सोड्याच्या पाण्यात होते.

"काकूंना रुमाल उकळायचं मीच सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "आम्ही दोघी इथंच धुवत होतो."

मी तिला समजावलं की धुण्याने कुणी मरत नाही, दोष त्या कामाचा, रुमाल फक्त दुखणं पुढे ढकलत होता. ते खरंच होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर असेल तुझं. पण तिला नको सांगू. कधीच नको."

पुढे मी कितीतरी लोकांना त्यांचं दुखणं सांगितलं, वाईटातलं वाईटही. काकू आमच्या शेजारी आणखी वीस वर्षं राहिल्या. मी सुट्टीत घरी गेले की दरवेळी गळा पुढे करून हसत विचारायच्या, बघ बाई, काही सापडतं का. मी गळा चाचपायचे आणि म्हणायचे, काही नाही काकू.