गाजराचा वाफा

आमच्या वाडीतून वैमानिक व्हायला निघालेला माणूस एकच, आणि त्याचं नाव कवडू. कवडू गणपतराव भोयर. आधीची दोन मुलं गेली म्हणून गणपतरावांनी नजर लागू नये असं नाव ठेवलं होतं. नजर नाही लागली. घात केला तो कौतुकानं.

१९५१ सालच्या जूनमध्ये आम्हा दोघांचं नाव एकाच दिवशी शाळेत घातलं. जन्माचा दाखला तेव्हा कोणाजवळ होता? डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला, की पोरगं सहा वर्षांचं, असं गुरुजींचं माप. माझा हात पोहोचला. कवडू अंगानं लांब, पण साडेचारच वर्षांचा. त्याची बोटं कानापासून जराशी दूर राहिली. गणपतरावांनी मागून त्याचं कोपर हळूच दाबलं.

"पाहा गुरुजी, पकडला! हुशार हाय पोट्टं, एक साल काहून वाया घालवा?"

गुरुजींनी रजिस्टरात १ जुलै १९४५ लिहिलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढे कवडूला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो विमान शिकू लागला. लायसनसाठी अडीचशे तास उडायचं होतं. ते जमवायला त्याला साडेचार वर्षं लागली. सकाळी सायकल हाणत सोनेगावच्या विमानतळावर जायचा. नंबर येईपर्यंत वारा सुटायचा, नाहीतर विमान दुरुस्तीला. चार तास बाकावर, वीस मिनिटं आकाशात. पण त्या वीस मिनिटांचं चार दिवस बोलायचा. गणपतराव मळ्यात काम सोडून वर बघत उभे राहायचे, कुठलंही विमान गेलं तरी म्हणायचे, "आपला कवडू गेला."

१९६९ च्या अखेरीस लायसन हाती आलं आणि लागलीच एका विमान कंपनीची जाहिरात आली. वय चोवीसच्या आत. कवडू खरा तेवीस वर्षांचा, कागदावर साडेचोवीस. दुसरीकडे विचारलं तर तिथे आधीचा अनुभव पाहिजे. नोकरीशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय नोकरी नाही. हा नियम ज्यानं काढला, त्याला एकदा बाकावर बसवायला पाहिजे.

मी तोवर त्याच शाळेत मास्तर झालो होतो. कवडू धावत आला. आम्ही जुनं रजिस्टर काढलं. शाई स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही. वरच्या ऑफिसातही जाऊन आलो. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर छापलेली तारीख आता बदलत नाही, एवढंच ऐकून परतलो.

शाळेच्या पायरीवर कवडू रडला. मग तोंड पुसून म्हणाला, "बाबाले नको सांगू गा. त्यायनं हौसेनं कोपर दाबलं होतं."

घरी त्यानं सांगितलं, डोळ्यात दोष निघाला.

झालं! गणपतरावांनी मळ्यात गाजराचा वाफा घातला. गाजरानं नजर सुधारते, असं त्यांना कोणी सांगितलं होतं. कवडूचं लायसन उडायला न मिळाल्यानं संपलं, तो वाडीतच ट्रकांच्या गोदामात मालाच्या चिठ्ठ्या फाडायला बसला, लग्न झालं, पोरगी झाली; पण दर हिवाळ्यात गाजरं यायचीच. "खा गा. नजर वापस आली तं पुन्हा बोलावतीन तुले." आणि कवडू मान खाली घालून खायचा. मला ते बघवत नसे.

१९८० साली कवडू आपल्या शामलाला शाळेत घालायला आला. बरोबर गणपतराव. माझ्यासमोर नातीला उभी करून त्यांनी तिचा हात डोक्यावरून नेला. बोटं थोडी कमी पडली. म्हाताऱ्याचा हात सवयीनं तिच्या कोपराकडे गेला.

"बाबा, हात सोडा तिचा," कवडू ओरडला.

त्यानं खिशातून जन्माचा दाखला काढून माझ्यापुढे ठेवला. "खरी तारीख लिही गा. एका दिवसाचाबी फरक नको. नाही बसत तं पुढच्या साली आणतो."

गणपतराव आपल्या हाताकडे बघत राहिले, आणि मग नातीला न घेताच घरी निघून गेले.

दिवाळीनंतर मी त्यांच्या मळ्यावरून जात होतो. गाजराच्या वाफ्यात मेथी पेरलेली दिसली. गणपतराव उकिडवे बसून खुरपत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"मास्तर, त्याचे डोळे चांगले होते ना गा?"

दहा वर्षं सांभाळलेलं खोटं मला त्या म्हाताऱ्यापुढे बोलवेना.

"चांगले होते," मी म्हणालो.