एकशे दहाचा खेळ

आमच्या वरवट बकालच्या घरी टीव्ही आला तेव्हा त्यात दिसण्यासारखं काहीच नव्हतं. लवकरच जवळपास टीव्हीचा टॉवर होणार असं कुणीतरी बाबांना सांगितलं आणि त्यांनी खामगावहून संच आणून मधल्या खोलीत ठेवला. बटण दाबलं की नुसती खरखर व्हायची, काचेवर मुंग्या धावायच्या. मी तेव्हा बी.ए. होऊन घरीच होते. कधी कधी दुपारी मी त्या मुंग्याच बघत बसे. खूप वेळ बघितलं की त्यांत पाखरांचे थवे दिसू लागत.

त्याच वर्षी, कापसाची वेचणी जोरात असताना, माझा मोठा भाऊ अमेरिकेहून आला. शिकायला गेला होता, मग तिथंच नोकरीला लागला. सहा वर्षांत एकदाही आला नव्हता. नांदुऱ्याला गाडीतून उतरला तेव्हा मायनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. घरी आल्यावर मात्र दोघांना काय बोलावं ते सुचेना.

"आनखी घे."

"बस झालं, माय."

एवढंच त्यांचं बोलणं.

एका सकाळी त्यानं शर्टांच्या घड्यांतून एक काळं खोकं काढलं. त्याला दोन बाजूंना दोन गोल बटणं होती आणि टीव्हीला जोडायची वायर. टीव्हीवर खेळायचा खेळ, असं तो म्हणाला. बाबांनी प्लग हातात घेतला. त्याला दोन चपट्या पट्ट्या, आमच्या भिंतीतली भोकं गोल. प्लग कापून नुसत्या तारा खोचाव्या म्हणून ते पक्कड आणायला उठले.

"नका लावू, बाबा. तिकडली लाईन एकशे दहाची असते. आपली दोनशे तीसची. लावली की खोकं जयनच, धूर निघन."

"म्हंजे तिकडं निम्माच करंट?"

"हाव."

अमेरिकेत एखादी गोष्ट आपल्यापेक्षा कमी असेल हे बाबांना पटायला वेळ लागला.

मग भाऊ आणि मी एसटीनं खामगावला गेलो. त्याच्या शाळेतला एक दोस्त तिथं पंपाच्या मोटारी वाइंड करायचा. तांब्याच्या तारांतून उठून त्यानं भावाला मिठी मारली.

"काऊन बे, अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर भेटत नाही का?"

"भेटते. सुचलंच नाही मले."

दोनशे तीसचे एकशे दहा करायला दोस्त तार गुंडाळत बसला, भाऊ शेजारी बसून शाळेच्या गोष्टी काढत राहिला. निघताना दोस्त म्हणाला, "गरम होईन, भिऊ नको. वास आला त बंद कर." पत्र्याच्या डब्यातलं ते वजन मांडीवर घेऊन आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी खिडकीवर चादर लावली. शेजारची खोली कापसानं भरलेली, म्हणून बाबांनी ते दार ओढून घेतलं आणि वायर दूरच्या भिंतीनं घ्यायला लावली. डबा गुणगुणू लागला. काचेवर चित्र आलं, पण ते सारखं वरवर सरकत होतं. तिकडच्या टीव्हीची चाल वेगळी असते म्हणत भाऊ संचाच्या मागची बटणं फिरवत राहिला. हळूहळू चित्र थांबलं. काळोखात मधोमध तुटक रेघ, दोन्हीकडे एकेक पांढरी पट्टी, आणि इकडून तिकडे जाणारा एक ठिपका. सगळं पाण्यात पाहिल्यासारखं थरथरत होतं.

माय कापसाच्या खोलीतून आली. तिच्या केसांत तंतू अडकले होते.

"हे मुंबईहून येऊन राह्यलं का?"

"नाही माय, ह्या खोक्यातून." भावानं तिला शेजारी बसवलं आणि एक बटण तिच्या हाती दिलं.

ठिपका सावकाश तिच्याकडे आला आणि निसटला. पुन्हा निसटला. मग तिची पट्टी त्याला लागली. टुक. निळसर उजेडात तिच्या पदरावरचे तंतू उडत होते, आणि मला घटकाभर कळेना, ठिपका कुठला आणि कापूस कुठला.

"तिकडं तुह्यासंगं कोन खेयते?" मायनं विचारलं.

ठिपका जाऊन परत आला.

"कोनी नाही. एका हातानं इकडलं, एका हातानं तिकडलं."

"मंग जिंकते कोन?"

तो हसला. मग बोलू लागला. चार वाजता पडणारा अंधार, बर्फ, शेजारच्या खोलीतला कधी न दिसलेला माणूस. तो तिच्याकडे बघत नव्हता, तीही त्याच्याकडे बघत नव्हती. दोघांचे डोळे ठिपक्यावर होते. मग रोज दुपारी असंच होऊ लागलं. मी भिंतीला टेकून ऐकायची, आणि ऐकता ऐकता माझे डोळे मिटायचे.

जायचा दिवस जवळ आला तेव्हा माय म्हणाली, "एकटा राहू नको. मानूस पाह्य."

"पाह्यलं हाये," तो म्हणाला. "संगं काम करते. केरळची हाये. ख्रिश्चन हाये, माय."

टुक. टुक. मायचा हात थांबला नाही.

"भात खाते का पोयी?"

"भात."

"बरं. बाबाले मी सांगीन."

तो गेल्यावर तिनं सांगितलं. बाबा बरेच दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग एका सकाळी शेतात निघताना ते दारातच थांबले.

"तिले मराठी समजते का?"

"शिकन," माय म्हणाली.

त्यांनी चपला घातल्या आणि वेचणीवर निघून गेले.